दिङ्नागाचें संस्कृत कोणाचें?

धर्मकीर्तीच्या नांवानें भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदा इ. स. १९८२ पासून २०२२ पर्यंत सहा झाल्या. पहिली क्योतो येथें, दुसरी १९८९ सालीं व्हिएन्ना येथें, तिसरी १९९७ सालीं हिरोशिमा येथें, चौथी २००५ सालीं पुनश्च व्हिएन्ना येथें, पांचवी २०१४ सालीं हायडेलबर्ग येथें आणि सहावी २०२२ सालीं सेऊल येथें. यांपैकीं दुसरीचे निबंध १९९१ सालीं, तिसरीचे १९९९ सालीं, चौथीचे २०११ सालीं व पांचवीचे २०२० सालीं ग्रंथरूपानें बाहेर आले. चौथ्या व पांचव्या परिषदेचे निबंध छापून निघावयास प्रत्येकीं सहा वर्षें लागलीं. त्रैमासिकाचा अंक दोन महिने लांबला म्हणून पत्रें लिहिणाऱ्या वर्गणीदारांनीं हें मनांत ठेवावें.

या चारही ग्रंथांचें मोल मोठें आहे. हेतूचें त्रैरूप्य, अपोह, व्याप्तीचा निश्चय, स्वसंवेदन इत्यादि विषयांवर पूर्वीं एकटादुकटा पंडित आयुष्यभर झटून जें लिहीत असे, तें आतां अनेक देशांतील विद्वान् एकमेकांचें तपासून लिहितात, आणि त्यामुळें बौद्ध न्यायाच्या इतिहासाला एक भक्कमपणा आला आहे. हें मान्य करून या निबंधांचें एकेक परीक्षण करण्याचें प्रस्तुत लेखकानें टाळलें आहे. येथें विचारावयाचा प्रश्न एकच आहे, व तो आपल्या वाचकांच्या नित्याच्या परिचयाचा आहे. या ग्रंथांत, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या आधारें जे इतर लोक लिहितात त्यांच्या लेखांत, ‘दिङ्नागाचें वाक्य’ म्हणून जें संस्कृत छापलें जातें, तें कोणाचें आहे?

ऐतिहासिक कागदपत्रें हाताळणाऱ्यास अस्सल, नक्कल आणि बनावट हे तीन भेद शिकवावे लागत नाहींत. परंतु समजा, एखाद्या मराठी पत्राचें अस्सल नष्ट झालें, नक्कलही कोठें राहिली नाहीं, आणि त्याचा फारसी तरजुमा तेवढा हातीं आला. तो वाचून एखाद्या विद्वानानें त्या काळच्या धाटणीचें मराठी पत्र नव्यानें रचलें व पत्रसंग्रहांत क्रमांक देऊन छापलें. तें बनावट म्हणतां येणार नाहीं, कारण फसविण्याचा हेतु नाहीं. नक्कलही नव्हे, कारण पुढ्यांत अस्सल नव्हतें. मग त्यांतील ‘लिहिणें’ किंवा ‘मोर्तब’ या शब्दांवरून त्या काळच्या लेखनपद्धतीचे निष्कर्ष काढण्यास आपलें मंडळ मान्यता देईल काय? बौद्ध न्यायाच्या क्षेत्रांत नेमक्या या चवथ्या प्रकारच्या मजकुराचा सुळसुळाट झाला आहे.

वस्तुस्थिति अशी आहे. दिङ्नाग हा इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांतला. त्याचा मुख्य ग्रंथ प्रमाणसमुच्चय, सहा परिच्छेदांचा, कारिका व स्वतःची वृत्ति मिळून झालेला. याची संस्कृत पोथी उपलब्ध नाहीं. तिबेटी भाषेंत त्याचीं दोन भाषांतरें आहेत, एक वसुधररक्षिताचें व दुसरें कनकवर्म्याचें. तीं जागोजाग परस्परांशीं जुळत नाहींत. न्यायमुख हा त्याचा दुसरा ग्रंथ, तो चिनी भाषांतरानेंच ज्ञात आहे. धर्मकीर्तीचें नशीब बरें. त्याचे बरेच ग्रंथ गेल्या शंभर-सवाशें वर्षांत एकामागून एक मूळ संस्कृतांत सांपडत गेले. म्हणजे ज्या गुरूच्या ग्रंथावर वार्त्तिक झालें, त्याचा मूळ शब्द नाहीं आणि वार्त्तिक मात्र आहे.

अशा स्थितींत दिङ्नागाचे मूळ शब्द मिळविण्याचा जुना व सरळ मार्ग म्हणजे प्रतिपक्षाच्या ग्रंथांतील उतारे. उद्द्योतकर आणि वाचस्पति मिश्र यांनीं खंडनासाठीं दिङ्नागाचीं वचनें उचललीं. रँडल यांनीं तीं वेंचून १९२६ सालीं लंडन येथें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. प्रतिपक्षी वचन वांकवून घेतो हें खरें. तरी जें हातीं येतें तें जुन्या काळचें असतें, आणि तें कोणाच्या तोंडून आलें हेंही आपल्यास कळतें.

दुसरा मार्ग तिबेटी वा चिनी भाषांतरावरून संस्कृत पुनः रचण्याचा. तुच्ची यांनीं १९२९ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत दिङ्नागपूर्व तर्कग्रंथ चिनीवरून संस्कृतांत आणून छापले. त्यांतील एकाचें ‘उपायहृदय’ हें नांवही चिनी शीर्षकावरून बसविलेलें आहे, आणि आज तें नांव तर्कशास्त्राच्या इतिहासांत इतकें रुळलें आहे कीं तें कोणत्याही जुन्या पोथीवर लिहिलेलें नाहीं याची आठवण फार थोड्यांस असते. पुढल्याच वर्षीं रंगस्वामी अय्यंगार यांनीं म्हैसूर येथें प्रमाणसमुच्चयाचा प्रथम परिच्छेद तिबेटीवरून संस्कृतांत आणला. १९३३ सालीं दुर्गाचरण चटर्जी यांनीं हेतुचक्राचें तसेंच संस्कृत केलें. या विद्वानांस दोष देण्याचें कारण नाहीं. तिबेटी न जाणणाऱ्या शास्त्रीमंडळींपुढें दिङ्नाग ठेवावयाचा तर दुसरा उपाय नव्हता, आणि आपण काय करीत आहों हें त्यांनीं लपविलें नाहीं. शिवाय तिबेटी भाषांतरकार ठराविक संस्कृत शब्दास ठराविक प्रतिशब्द योजीत असल्यामुळें हें काम प्रथम दिसतें तितकें हवेंतलें नाहीं.

तथापि शाळेंत संस्कृत शिकविलेल्या कोणासही विचारा. रघुवंशांतील श्लोकाचें मराठी करून तेंच मराठी वर्षभरानें त्याच मुलांस संस्कृत करावयास दिलें, तर व्याकरणशुद्ध वाक्यें पुष्कळ येतात, परंतु कालिदासाचें वाक्य एकही येत नाहीं. काव्यांत हानि झाली ती शोभेची, म्हणून हंसून सोडतां येतें. तर्कग्रंथांत एका निपातावर सारा सिद्धान्त उभा असतो.

याचें उदाहरण ‘एव’ या निपाताचें. सद्धेतूचीं तीन रूपें असलीं पाहिजेत: तो पक्षावर असावा, सपक्षांत असावा, विपक्षांत नसावा. एवढें सांगून भागत नाहीं. पक्षावर ‘असलाच’ पाहिजे कीं पक्षावर‘च’ असला पाहिजे? सपक्षांत‘च’ असावा कीं सपक्षांत ‘असलाच’ पाहिजे? मराठी वाचकास हा भेद समजावण्यास एक वाक्य पुरतें, कारण आपला ‘च’ हा ‘एव’ सारखाच जागा बदलून अर्थ बदलतो; ‘राम जाईलच’ आणि ‘रामच जाईल’ यांत काय अंतर आहे हें पोरासही कळतें. धर्मकीर्तीनें या अवधारणाचे अयोगव्यवच्छेद, अन्ययोगव्यवच्छेद व अत्यन्तायोगव्यवच्छेद असे तीन प्रकार करून त्यावर हेतुलक्षण बसविलें. दुसऱ्या रूपांत ‘एव’ सपक्षाला जोडला म्हणजे हेतु सपक्षांतच असतो, पण सर्व सपक्षांत असण्याची गरज नाहीं. धुराशिवाय अग्नि असूं शकतो, हें त्यानें राखलें जातें. तोच ‘एव’ असण्याला जोडला तर प्रत्येक अग्निमान् स्थळीं धूर हवा, आणि तापलेला लोखंडी गोळा पुढें करून कोणीही तें अनुमान मोडील.

आतां तिबेटींत ‘एव’ साठीं दोन शब्द येतात. एक ‘खो न’, तो निःसंदिग्ध. दुसरा ‘ञिद्’, आणि हा ‘ञिद्’ जसा ‘एव’ साठीं, तसाच ‘त्व’ व ‘ता’ या भाववाचक प्रत्ययांसाठींही येतो. म्हणजे जेथें तिबेटींत ‘ञिद्’ आहे, तेथें पुनर्रचना करणाऱ्यानें ‘एव’ घालावयाचा कीं ‘त्व’, हें त्यालाच ठरवावें लागतें, आणि तें ठरवितांना त्याच्या मनांत धर्मकीर्तीचा सिद्धान्त असतो. अवधारण दिङ्नागानें स्वतःच केलें होतें, कीं धर्मकीर्तीनें तें गुरूच्या शब्दांत मागाहून वाचलें, हा या शास्त्राच्या इतिहासांतला मोठा प्रश्न आहे. त्याचें उत्तर पुनर्रचित संस्कृतांतून काढणें म्हणजे धर्मकीर्तीस साक्षीदार म्हणून बोलावून दिङ्नागाची सही करावयास लावणें होय.

राहुल सांकृत्यायन यांचें या बाबतींतलें वर्तन फार शिकण्याजोगें आहे. त्यांनीं प्रमाणवार्त्तिकाचें तिबेटीवरून संस्कृत करावयास घेतलें होतें. नेपाळचे राजगुरु पं. हेमराज शर्मा यांच्याजवळ मूळ संस्कृत पोथी असल्याचें कळतांच त्यांनीं तें काम बाजूस ठेवलें व मुळाच्या मागें लागले. १९२९ ते १९३८ या काळांत ते चार वेळां तिबेटांत गेले. श्लोक हाताने उतरून घेतले, छायाचित्रें काढलीं. त्यांतील कित्येक अंधुक निघालीं, तरी पुढें पाटण्यास त्यांच्यावरूनच ग्रंथ संपादिले गेले. १९३६ सालीं शलू मठांत त्यांस मनोरथनंदीच्या प्रमाणवार्त्तिकवृत्तीची पोथी मिळाली. ही पोथी विभूतिचंद्र नामक भिक्षूच्या हातची असून त्यानें तीवर स्वतःचीं टिपणेंही लिहिलीं आहेत. राहुलजींनीं ही वृत्ति बिहार-ओरिसा रिसर्च सोसायटीच्या नियतकालिकांत १९३८ पासून छापली आणि विभूतिचंद्राचीं टिपणें गाळलीं नाहींत. समासांतलें लिखाण गाळून ‘शुद्ध’ ग्रंथ छापण्याची आपल्याकडील कित्येक संपादकांची खोड पाहतां हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

याच वृत्तीमुळें परिच्छेदांच्या क्रमाचा घोळही निर्माण झाला. धर्मकीर्तीनें स्वार्थानुमान परिच्छेदावर स्वतः वृत्ति लिहिली, आणि तो परिच्छेद पहिला धरण्याची परंपरा आहे. मनोरथनंदि प्रमाणसिद्धि पहिली धरतो. न्योली यांनीं रोम येथें १९६० सालीं स्ववृत्तीसह जो परिच्छेद छापला तो स्वार्थानुमानाचा, व तो पहिला म्हणून. परिणाम असा कीं एखाद्या निबंधांत ‘प्रमाणवार्त्तिक, परिच्छेद १’ एवढाच निर्देश असला, तर वाचकास दोन पुस्तकें उघडून कोणता श्लोक जुळतो हें पाहावें लागतें. परिषदेच्या ग्रंथांतून बहुधा परिच्छेदाचा क्रम कोणता मानला हें सांगितलेलें असतें. त्यांवरून उतरवून घेणारे तेवढाच भाग टाकून अंक तेवढा घेतात.

पुनर्रचनेची खरी परीक्षा मूळ सांपडल्यावरच होते, व तशी एक परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. ती हेतुबिंदूची. धर्मकीर्तीच्या या ग्रंथावर अर्चटाची टीका पाटण येथील जैन भांडारांत राहिली होती, पं. सुखलालजी संघवी यांनीं ती १९४९ सालीं बडोद्याच्या मालेंत संपादून छापली. मूळ हेतुबिंदु मात्र नव्हता. १९६७ सालीं व्हिएन्ना येथें एर्न्स्ट स्टाइनकेल्नर यांनीं तिबेटी पाठ छापून त्याबरोबर पुनर्रचित संस्कृत पाठ दिला. पुढें जानेवारी २००४ मध्यें ऑस्ट्रियाची विज्ञान अकादमी आणि बीजिंग येथील तिबेटविद्या संशोधन केंद्र यांच्यांत करार होऊन तिबेटांतील संस्कृत पोथ्या छापण्याची माला सुरू झाली, आणि तींत २०१६ सालीं हेतुबिंदु मूळ पोथीवरून प्रसिद्ध झाला. संपादक तेच स्टाइनकेल्नर, पूर्वतयारी कै. हेल्मुट क्रासर यांची. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीं आपण स्वतः रचलेलें संस्कृत मूळ पोथीपुढें ठेवून बाजूस सारण्याचा योग फार थोड्या पंडितांच्या वांट्यास येतो. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचण्यासारखा तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास दुसरा पाठ नाहीं. अर्चटाची टीका हाताशीं होती म्हणून १९६७ च्या प्रयत्नास पुष्कळ ठिकाणीं मूळ शब्दांचा आधार होता. ज्यास टीकेचा आधारच नाहीं, निव्वळ तिबेटीचा आहे, अशा पुनर्रचनेला तेवढ्या विश्वासाचा अधिकार नाहीं. हें तारतम्य परिषदेंतल्या मंडळींस ठाऊक आहे. बाहेर तें कोणी विचारीत नाहीं.

दिङ्नागाच्या बाबतींतही २००५ सालापासून स्थिति पालटली आहे. प्रमाणसमुच्चयावरील जिनेंद्रबुद्धीच्या टीकेची संस्कृत पोथी तिबेटांतून उपलब्ध झाली. स्टाइनकेल्नर, क्रासर आणि लासिक यांनीं पहिल्या परिच्छेदावरील टीका त्या सालीं व दुसऱ्यावरील २०१२ सालीं छापली. टीका मूळ ग्रंथ सबंध उतरवीत नाहीं, प्रतीकें घेते. त्यामुळें दिङ्नागाचे कित्येक शब्द हातीं आले, कित्येक वाक्यें अर्धीं आलीं, कित्येक आलींच नाहींत. या सामग्रीवरून स्टाइनकेल्नर यांनीं पहिल्या परिच्छेदाचें जें संस्कृत सिद्ध केलें, त्याच्या शीर्षकांतच ती संभाव्य पुनर्रचना असल्याचें म्हटलें आहे, व प्रत्यक्ष आढळलेले शब्द आणि तिबेटीवरून बसविलेले शब्द यांचे टाइप निरनिराळे ठेवले आहेत. पूर्वीं हात्तोरी यांनीं १९६८ च्या आपल्या ग्रंथांत दोन्ही तिबेटी भाषांतरें समोरासमोर छापलीं, तीही याच जातीची प्रामाणिक रीत.

तेव्हां तक्रार कोणाविरुद्ध? संपादकांविरुद्ध नव्हे. परिषदांविरुद्धही फारशी नाहीं; त्यांच्या निबंधांत पुनर्रचित शब्दावर बहुधा तारा घालतात. तक्रार अशी कीं हा तारा दुसऱ्या हातांत गेला कीं गळतो, आणि टाइपांतला भेद तर पहिल्याच उताऱ्यांत नाहींसा होतो. तिसऱ्या हातीं सामान्य इतिहासाचें पुस्तक असतें. तेथें दिङ्नागाचें वाक्य अवतरणचिन्हांत येतें, खालीं प्रमाणसमुच्चयाचा परिच्छेद व श्लोकांक येतो, आणि वाचक समजतो कीं ही पोथींतली ओळ. आपल्या इकडील चर्चासत्रांचे जे निबंधसंग्रह हल्लीं पाहण्यांत येतात त्यांत हा प्रकार सर्रास आढळतो. पाश्चात्य निबंधांतून इंग्रजी घ्यावें, त्यांतील कंसांतलें संस्कृत उचलून त्यास मूळ समजावें, आणि मग त्या संस्कृताचें पुनः मराठी करावें, असा हा चार मजली प्रवास आहे.

या बाबतींत घरचाच एक नमुना पुरे आहे. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश घ्या, जो वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनीं सुधारून १९२८ सालीं भांडारकर संस्थेतर्फें निघाला. त्यांत लक्षणापुढें तें कोणत्या ग्रंथांतलें याचा संकेत दिलेला असतो. शास्त्रीपद्धतीनें शिकलेल्या माणसानें गेल्या शतकाच्याही आधीं जें केलें, तें आज यंत्रें हाताशीं असलेल्यांस जड जाऊं नये. दिङ्नागाचा शब्द छापतांना तो प्रतिपक्षाच्या ग्रंथांतला, टीकेच्या प्रतीकांतला, कीं तिबेटीवरून बसविलेला, हें एका अक्षरानें दाखवितां येतें.

यावर तत्त्वज्ञानाचे अभ्यासक म्हणतील, आम्हांस शब्द नको, युक्तिवाद हवा, आणि युक्तिवाद भाषांतरांतही टिकतो. हें सर्वस्वीं खोटें नाहीं. दुसरें आणि तिसरें रूप अर्थतः एकच असेल तर दोन्ही कां सांगितलीं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनींच धसास लावला आणि त्यामुळें संपादकांस पाठ अधिक बारकाईनें पाहावा लागला. परंतु केवळ युक्तिवादावर लिहिलेला इतिहास पिढीगणिक पोषाख बदलतो, हेंही पाहण्यांत आहे. सतीशचंद्र विद्याभूषण यांनीं आपल्या मरणोत्तर १९२१ सालीं निघालेल्या इतिहासांत पंचावयव वाक्यावर ग्रीक छाया पाहिली; श्चेर्बात्स्की यांनीं धर्मकीर्तीस कान्टच्या शेजारीं बसविला; त्यानंतर चिन्हात्मक तर्कशास्त्राचा अंगरखा आला. विद्याभूषणांचें ग्रीक अनुमान आज कोणी उगाळीत नाहीं, परंतु त्यांनीं तिबेटी शिकून तंजूरमधील तर्कग्रंथांची जी नोंद केली तिचा आधार पुढल्यांस घ्यावा लागला. श्चेर्बात्स्की यांच्या दोन खंडांतला, म्हणजे १९३० व १९३२ सालीं लेनिनग्राड येथें निघालेल्या ग्रंथांतला, कान्ट वगळला तरी न्यायबिंदु व धर्मोत्तराची टीका यांचें भाषांतर शिल्लक राहतेंच. आणि तें भाषांतर कशावर उभें? मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृत शिकविणाऱ्या पीटर्सन यांस खंबायतच्या जैन भांडारांत एक ताडपत्री मिळाली, ती त्यांनीं १८८९ सालीं कलकत्त्याच्या ग्रंथमालेंत छापली, त्यावर. खंबायतचा तो गठ्ठा उधईनें खाल्ला असता तर लेनिनग्राडचे दोन खंड कसे दिसले असते, याची कल्पना करवत नाहीं.

सहांपैकीं एकही परिषद भारतांत भरली नाहीं, याची खंत पुष्कळजण बोलून दाखवितात. प्रस्तुत लेखकास ती फार मोठी वाटत नाहीं. परिषद कोठें भरली यापेक्षां तिच्यापुढें कोणता पाठ ठेवला होता, हें अधिक महत्त्वाचें. १९८३ च्या जुलैमध्यें पुण्यास झालेला संवाद आठवावा. दयाकृष्ण, मे. पुं. रेगे आणि त्यांचे सहकारी यांनीं रसेलचें विधानविषयक मत संस्कृतांत मांडून तें नैयायिक पंडितांपुढें ठेवलें, आणि पं. बदरीनाथ शुक्ल यांच्यासारख्यांनीं त्यावर शास्त्रार्थाच्या पद्धतीनें उत्तरें दिलीं. त्याचा वृत्तांत १९९१ सालीं ग्रंथरूपानें निघाला आहे. रसेलचें तें संस्कृत म्हणजे रसेलचे शब्द आहेत असें तेथें कोणासही वाटलें नाहीं, कारण तें कोणी व कशासाठीं केलें हें सर्वांस ठाऊक होतें. भाषांतरानें वाद होऊं शकतो, उत्तमही होऊं शकतो. त्याचा जन्म उघड असला म्हणजे झालें.

शेवटीं आपल्या वाचकांतील संग्राहकांसाठीं दोन शब्द. बौद्धांचे तर्कग्रंथ भारतांत टिकले ते मुख्यतः जैनांच्या घरीं. न्यायबिंदु खंबायतेस, अर्चटाची टीका पाटणास, न्यायप्रवेश हरिभद्राच्या टीकेच्या आश्रयानें, आणि चार्वाकपंथी जयराशीचा तत्त्वोपप्लवसिंह हाही पाटणच्या ताडपत्रीवर. ब्यूलर १८७३-७४ च्या हिंवाळ्यांत जेसलमीरास गेले तेव्हां तेथील भांडारांत त्यांस ‘कमलशीलतर्क’ या नांवाखालीं एक ग्रंथ आढळला; तो शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह कमलशीलाच्या पंजिकेसह होता, आणि छापून निघावयास १९२६ साल उजाडलें. ग्रंथाची ओळख नांवाच्या चिठ्ठीवर सोडली तर काय होतें, याचा हा दाखला आहे. आपल्याकडील खाजगी संग्रहांतून प्रस्तुत लेखकानें पाहिलेल्या न्यायाच्या गठ्ठ्यांवर बहुधा ‘तर्क’, ‘गादाधरी’ किंवा ‘न्याय, अपूर्ण’ एवढेंच लिहिलेलें असतें. आंत काय आहे हें मालकासही ठाऊक नसतें, आणि अपूर्ण पोथीस यादींत जागा देण्याचा कंटाळा केला जातो. यादी करतांना निदान आरंभींची व शेवटची ओळ, पुष्पिका, आणि समासांत दुसऱ्या हातचें लिखाण आहे कीं नाहीं, एवढें तरी उतरून घ्यावें. ‘ग्रंथनाम अज्ञात’ असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं, अंदाजानें ‘तर्कसंग्रह’ लिहिण्यांत आहे.

सुटीं पानें तर मुळींच टाकूं नयेत. २०१६ सालच्या हेतुबिंदूच्या आवृत्तींत तिबेटांतल्या पोथीबरोबर आणखी एक तुकडा अक्षरशः उतरून जोडला आहे. तो गिलगिटचा. १९३१ सालीं तेथें जमिनींतून वर आलेल्या जीर्ण पानांच्या ढिगांत तो होता.